त्या अमेरिकेच्या संख्येला म्हणे बापच नाही!

अहो, ऐकलंत का? या ना जरा इकडे, कुंपणाला लागून उभ्या राहा. तशी ओरडून सांगायची गोष्ट, पण आमच्या थोरल्या जाऊबाई ओट्यावरच बसल्यात आणि परवा त्यांच्याच धाकट्याचं तोंड एवढंसं झालं, म्हणून आपलं हळू. ती अमेरिकेत सापडलेली बाहत्तर लाख आकड्यांची मूळ संख्या आहे ना, तिला म्हणे बापच नाही! आणि हा निकाल लागला कुणाच्या कायद्यानं? आपल्या देवळालीच्या कापरेकर मास्तरांच्या!

त्याचं असं झालं. परवा आम्ही सगळ्या अंगणात कांदा निवडत होतो. गोल्टी एकीकडे, जोडकांदा एकीकडे, दुसऱ्या दिवशी लिलावाला गोण्या जायच्या होत्या. घोडेगावात दुसरं असतं काय हो! तर जाऊबाईंचा धाकटा पुण्याहून आलेला, कॉम्प्युटर इंजिनियरिंगवाला. कांद्याला हात लावायचा नाही, बोटांना वास येतो ना! नुसता मोबाईल घेऊन पायरीवर, आणि वरून आम्हाला ज्ञान. "काकू, आजवर सापडलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या किती आकड्यांची आहे, सांग बघू."

मी आपली गप्प. पण पलीकडच्या काकू कुठल्या ऐकतायत! जुन्या अकरावीच्या ना त्या. लगेच म्हणाल्या, "मूळ म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणी भागत नाही तीच ना रे? सात, अकरा, तेरा..." पोरगं जरा चपापलं. मग सुरू झालं त्याचं. २०२४ चा ऑक्टोबर, १२ तारीख. अमेरिकेतला कुणी ल्यूक ड्युरांट. एन्विडिया कंपनीत होता पूर्वी. त्यानं सतरा देशांतले भाड्याचे कॉम्प्युटर जुंपले आणि संख्या काढली. दोनाला दोनानं गुणत जायचं, तेरा कोटी बासष्ट लाख एकोणऐंशी हजार आठशे एक्केचाळीस दोन घ्यायचे, आणि शेवटी त्यातून एक वजा. उत्तरात आकडे किती? ४,१०,२४,३२०! सेकंदाला एक आकडा वाचला तर, न जेवता, न झोपता, सव्वा वर्ष उलटून जाईल. असल्या संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात, सतराव्या शतकातल्या फ्रान्सच्या एका साधूच्या नावानं. आणि अशा आजवर सापडल्यात फक्त बावन्न.

खरं सांगू? ऐकताना मलासुद्धा गंमत वाटली. त्या ड्युरांटला तीन हजार डॉलर बक्षीस होतं, ते त्यानं आपल्या जुन्या शाळेला द्यायचं ठरवलं, अलाबामातल्या. काकू लगेच, "बघा, शाळेला! नाहीतर आपल्याकडची पोरं..." आणि वाक्य अर्धवट सोडून जाऊबाईंकडे नुसतं बघितलं. जाऊबाई एकदम कांद्यात शिरल्या.

तर काय सांगत होते... हां, गुरुजी. आपले रिटायर्ड गुरुजी हो, आमच्या ह्यांच्याकडे चहाला येतात ते. ते आले तेव्हा पोराचं पालुपद चालूच होतं, आपल्याकडे कोण असलं काही करतं, आपल्याकडे नुसतं राजकारण आणि कांद्याचे भाव. गुरुजींनी बशीत चहा ओतला, फुंकला, आणि शांतपणे विचारलं, "बाळा, मोठी आहे ती, कबूल. पण तिचा जनक कोण?"

पोरगं म्हणालं, "जनक म्हणजे?"

"कापरेकर माहीत नाहीत?"

"माहितीयेत की. ६१७४ वाले."

गुरुजी म्हणाले, "तेवढंच सगळ्यांना माहीत असतं." अहो, तेव्हा त्याचा चेहरा बघायला हवा होतात तुम्ही! ते ६१७४ तर तुम्हालाही येतं, कुठलेही चार आकडे घ्या, सगळे सारखे नकोत एवढंच, त्यांची मोठ्यात मोठी आणि छोट्यात छोटी संख्या मांडायची, मोठीतून छोटी वजा करत राहायचं, जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ वर येऊन थांबतं. १९४९ साली मद्रासच्या परिषदेत सांगितलं होतं त्यांनी ते. पण गुरुजींचं म्हणणं, मास्तरांची खरी मजा दुसरीकडेच आहे.

आमचे हे तेवढ्यात मार्केटवरून आले, हातात कांद्याची पट्टी. गुरुजींनी ती घेतली, उलटी केली, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. हमाली, तोलाई, सगळं गेलं खाली. ह्यांचा चेहरा त्या पट्टीवरच्या भावानं आधीच उतरलेला, त्यामुळे ते काही बोलले नाहीत.

गुरुजी म्हणाले, कुठलीही संख्या घ्या. तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ घेतली, एक आणि पाच सहा, पंधरा अधिक सहा एकवीस. म्हणजे २१ ला १५ नं जन्म दिला. १५ हा जनक, २१ हे लेकरू. ४७ घ्या, त्यातून ५८, त्यातून ७१, त्यातून ७९, त्यातून ९५... असा वंश चालू राहतो. आमच्या चौथीतल्या नातीला एवढं आवडलं की ती खडू घेऊन फरशीवर पुढं पुढं काढतच सुटली. मग गुरुजी म्हणाले, "आता २० चा बाप शोध." शोधला तिनं. १० पासून १९ पर्यंत सगळे करून पाहिले. दहाचं अकरा होतं, चौदाचं एकोणीस, पंधराचं एकदम एकवीस. वीस कुणाचंच होत नाही! पोर रडकुंडीला आली.

"रडू नकोस, नाहीच त्याला बाप," गुरुजी म्हणाले. "असल्या संख्यांना म्हणायचं स्वयंभू." १, ३, ५, ७, ९, मग २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. मास्तरांनी यांच्यावर पुस्तिका लिहिल्या, देवळालीहून स्वतःच छापल्या. देवळाली संख्या असंही म्हणतात त्यांना.

काकूंनी तिथेच हात जोडले. स्वयंभू म्हटलं की आपल्याला शिंगणापूरचा शनीच आठवायचा ना, इथून हाकेच्या अंतरावर! मी म्हटलं, काकू, हे गणित चाललंय.

आता खरी मजा ऐका. आपल्या आहेराच्या पाकिटांची! १०१ रुपये आपण देतो की नाही हळदीला, बारशाला? त्या १०१ ला दोन बाप आहेत! अहो, खरंच. शंभर अधिक एक, एकशे एक. आणि ९१ अधिक नऊ अधिक एक, म्हणजे पुन्हा एकशे एकच. दोघेही हक्क सांगतात. दोन जनक असलेली सगळ्यात लहान संख्या हीच. जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. काकू तर म्हणाल्या, "बाई गं! आणि तेच पाकीट आपण सत्यनारायणाला ठेवतो!" गुरुजी म्हणाले, १००१ चंही तेच, एक बाप १००० आणि दुसरा ९८२. मी ताबडतोब मनातल्या मनात हिशोब केला, गेल्या लगीनसराईत मोठ्या घरून आम्हाला १००१ आलं होतं... जाऊ द्या.

"मग द्यायचं तरी काय?" ह्यांनी विचारलं. पहिल्यांदा तोंड उघडलं त्यांनी. गुरुजींनी खाली मांडून दाखवलं, ५०१ द्या. ५०१ ला बाप नाही, पक्की स्वयंभू. ह्यांचा चेहरा पुन्हा पडला. एकशे एकावरून पाचशे एक! म्हणाले, "गणित महागात पडतंय."

पोरगं तेवढ्यात सावरलं. म्हणालं, "पण ५०१ मूळ नाही. तीननं जातंय. तीन गुणिले १६७." गुरुजी खूश झाले हो! "बरोबर! आता आलास ठिकाणावर. मूळ म्हणजे जिला कुणी भागत नाही. स्वयंभू म्हणजे जिला कुणी जन्म दिलेला नाही. दोन्ही एकदम असणाऱ्या कुठल्या?" ३१, ५३, ९७. १०१ मूळ आहे, पण तिचं ते घरचं आपण ऐकलंच. आणि मग गुरुजींनी ती बाहत्तर लाखवाली काढली.

२००४ ची गोष्ट. मे महिना, १५ तारीख. अमेरिकेतला जॉश फिंडले. घरच्या कॉम्प्युटरवर फावल्या वेळात ह्या मर्सेनच्या संख्या शोधणारे जगभर लोक आहेत, १९९६ पासून त्यांचा उद्योग चाललाय, त्यातलाच हा एक. त्याच्या साध्या पेन्टियम कॉम्प्युटरला साधारण दोन आठवडे लागले आणि सापडली संख्या. दोनाचा २,४०,३६,५८३ वा घात, वजा एक. आकडे ७२,३५,७३३. तेव्हा सापडलेल्या मूळ संख्यांत ती सगळ्यात मोठी होती. मिरवली, पेपरात आली, आणि वर्षभरात दुसरीनं मागं टाकली. ह्या संख्यांचं असंच असतं म्हणे, चार दिवस सासूचे... पण हिची गोष्ट तिथं संपली नाही. २००६ च्या ऑक्टोबरात ल्यूक पेबडी नावाच्या गणित्यानं दाखवून दिलं की ही स्वयंभूसुद्धा आहे! तोवर सापडलेल्या सगळ्या मर्सेन मूळ संख्यांत स्वयंभू असलेली सगळ्यात मोठी हीच. काकू म्हणाल्या, "हाही ल्यूक आणि तोही ल्यूक?" मी म्हटलं, असतील त्यांच्याकडे, आपल्याकडे नाहीत का गल्लीत चार बाळासाहेब?

तर काय सांगत होते... हां. जाऊबाईंचा धाकटा अडला तो इथं. म्हणाला, "शक्यच नाही. बाहत्तर लाख आकडी संख्येच्या आधी कितीतरी संख्या आहेत, त्या सगळ्या तपासायला विश्वाचं आयुष्य पुरायचं नाही. बाप नाही हे कसं काय ठरवलं?" मला वाटलं, आता गुरुजी सापडले. काकूंनी तर कांदा हातातच धरून ठेवला.

गुरुजी हसले. "बाप फार लांबचा असूच शकत नाही." अहो, काय सोपं आहे बघा. बाप आणि लेकरू यांच्यात फरक केवढा? बापाच्या अंकांच्या बेरजेएवढा. एक अंक जास्तीत जास्त नऊ. बाहत्तर लाख पस्तीस हजार सातशे तेहेतीस अंक सगळे नऊ धरले, तरी बेरीज ६,५१,२१,५९७. म्हणजे बाप असलाच तर त्या संख्येच्या मागं साधारण साडेसहा कोटींच्या आतच कुठेतरी. त्यापलीकडे शोधायचं कारणच नाही. शिवाय नवानं भागलं की काय बाकी उरते त्यावरून नवातला एकच उमेदवार उरतो, बाकीचे आठ पहिल्याच फेरीत बाद. आणि त्या साडेसहा कोटींत मागंपुढं केलं तरी वरचे बाहत्तर लाख आकडे जवळजवळ हलतच नाहीत, बदलतात ते शेवटचे आठ-नऊ. वरच्यांची बेरीज एकदा करून ठेवायची, मग खालच्यांची तेवढी बघत बसायची. कॉम्प्युटरला हे काम किरकोळच.

पोरगं गप्प. मोबाईल खाली ठेवला त्यानं. मग हळूच म्हणालं, "हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही." जाऊबाईंचं तोंड बघवेना. एवढी फी भरलेली!

गुरुजी मात्र फार ताणणारे नाहीत. त्यांनीच सांगितलं, यात चमत्कार काही नाही. मोठ्या संख्यांत शंभरातल्या नऊ-दहा अशा बिनजनकाच्या निघतातच, आणि असल्या संख्या कधी संपत नाहीत. एवढ्या मर्सेनांत एखादी निघणारच होती. काकू जरा हिरमुसल्या, त्यांना चमत्कार हवा होता. मला विचाराल तर मला हेच जास्त पटलं. माणूस देवळालीच्या शाळेत बसून पोरांच्या बेरजेतून एक प्रश्न काढतो, आणि तो गेल्यावर वीस वर्षांनी जगातले कॉम्प्युटर त्याच प्रश्नानं बाहत्तर लाख आकड्यांची झडती घेतात, याहून काय पाहिजे!

मास्तरांचं तुम्हाला माहितीच आहे. जन्म डहाणूचा, १९०५. आठ वर्षांचे असताना आई गेली, वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद, त्यातून पोराला आकड्यांचा. फर्ग्युसनला शिकले, १९२७ साली रँग्लर परांजप्यांच्या नावाचं बक्षीस मिळालं. बी.एस्सी. झाले आणि मास्तरकी पत्करली. १९३० ते १९६२, देवळाली. तो १९३० आकडासुद्धा बिनबापाचा आहे, गुरुजींनी तिथल्या तिथं तपासून दाखवलं! १९१०, १९१९, १९२८, कुणाचंच १९३० होत नाही.

पण हसले हो लोक त्यांना. मोठमोठे प्रोफेसर म्हणायचे, हे कसलं गणित, ही तर शाळकरी करमणूक. बी.एस्सी.च्या वरची पदवी नाही, भारीतली मासिकं छापेनात. ते म्हणे स्वतःच सांगायचे, दारुड्याला दारू तशी मला संख्या. बायको १९६६ ला गेली, पेन्शन पुरेना, शिकवण्या करून भागवलं. आणि मग १९७५ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनरनं सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिलं, आणि एका रात्रीत फेमस. तेव्हा मास्तर सत्तरीचे. तिकडच्यानं बरं म्हटल्याशिवाय आपल्याला आपलं माणूस दिसत नाही, हे गुरुजी म्हणाले नाहीत, मी म्हणते.

आणि डोंबिवलीचं ऐकलंय ना? स्टेशनवर सुचलं म्हणून मास्तरांनी डेम्लो संख्या नाव ठेवलं, डोंबिवलीचंच ते. नुसते एक घ्यायचे आणि त्यांचा वर्ग करायचा. ११ चा १२१, १११ चा १२३२१, नऊ एक घेतले तर १२३४५६७८९८७६५४३२१. काय देखणी! चढते काय, उतरते काय. पण मूळ नव्हे हं, वर्गच तो, भाग जाणारच. आणि तिची ती दुसरी, अगदी तिच्याच तोंडवळ्याची, मध्ये दहा घातलेली, १२३४५६७८९१०९८७६५४३२१, ती मात्र चक्क मूळ! मधे नुसते ९, १०, ९ आणि सगळं चालचलन बदललं. काकूंचा विश्वास बसेना. जाऊबाईंच्या धाकट्यानं लॅपटॉप आणला, घातली संख्या, आणि उत्तर आलं, मूळ. तेव्हा कुठे त्याचा चेहरा खुलला, कारण मशीन त्याचं होतं ना!

मग काकूंनी विचारलं ते बाकी मुद्द्याचं. "ह्या एवढाल्या संख्यांचा उपयोग काय रे?" पोरगं म्हणालं, फोनवरून पैसे पाठवतेस ना काकू, तिथं कुलूप लागतं, त्यात मोठाल्या मूळ संख्या असतात, तीनशेच्या आसपास आकड्यांच्या. दोन घ्यायच्या, गुणाकार करायचा, गुणाकार सगळ्यांना दाखवायचा, पण त्या दोन कुठल्या ते सांगायचं नाही. गुणाकार करणं पोराचा खेळ, उलटं शोधणं जगात कुणाला जमत नाही. १९७७ पासून ही युक्ती आहे म्हणे. आता बघा गंमत, शेजारी शिंगणापुरात घरांना दारं न लावायची जुनी पद्धत, युको बँकेनं २०११ ला तिथं शाखा काढली तीही कुलपाविना, आणि आमच्या काकूंच्या फोनमधल्या पाचशे रुपयांना सहाशे आकड्यांचं कुलूप! मी विचारलं, मग ती चार कोटी आकड्यांची लावा की, आणखी मजबूत. तर दोघेही हसले, गुरुजी आणि पोरगं. जी जगाला माहीत आहे ती कुलपाला चालत नाही. म्हणजे सगळ्यात मोठी ती सगळ्यात बिनकामाची. जाऊबाई का कोण जाणे, उठून आत गेल्या.

बरं, मी निघते, दूध उतू जाईल. पोरगं आता गेले दोन दिवस त्या ड्युरांटच्या संख्येचा बाप शोधायचा प्रोग्राम लिहीत बसलंय, जेवायलासुद्धा हाका माराव्या लागतात. आमची नात फरशीवर २११ ला बाप आहे का ते काढतेय, तुमच्या नातवाला पाठवा तिच्या जोडीला. आणि हे बघा, ही गोष्ट तुम्ही पुढं सांगणारच, मला ठाऊक आहे तुमचं. सांगा खुशाल. फक्त देवळालीचं नाव आधी घ्या, अमेरिकेचं मागनं.